पुरेसा साठा आहे

जनतेने काळजी करू नये, जनतेची काळजी सरकारने करावी, आणि सरकार काळजी करतं आहे हे जनतेला वेळोवेळी कळवावं, या तीन खांबांवर कोणतंही सुव्यवस्थित शहर उभं असतं. यांतले पहिले दोन खांब जरा कलले तरी चालतात. तिसरा मात्र भक्कम लागतो.

त्यामुळे फ्लूची साथ शहरात शिरली तेव्हा नगरपालिकेने सर्वप्रथम जनधीर कक्ष स्थापन केला. (दवाखान्यात खाटा वाढवण्याचा विषयही त्याच बैठकीत होता, पण तो कार्यक्रमपत्रिकेवर नववा होता आणि आठव्यालाच चहा आला.) कक्षाला जागा मिळाली ती वजनमापं तपासणी विभागाची जुनी खोली. खोलीत एक मोठं टेबल, तीन खुर्च्या, त्यांतली एक बसण्याजोगी, आणि कोपऱ्यात पूर्वी कधीतरी जप्त केलेल्या खोट्या वजनांचा ढीग. ढीग हलवायला वेगळी मंजुरी लागत असल्यामुळे तो तिथेच राहिला आणि येणारे-जाणारे त्यावर पाय ठेवून बुटाचे बंद बांधू लागले. कक्षाचे प्रमुख म्हणून जे साहेब आले ते आधी उंदीर निर्मूलन विभागात होते. त्यांच्या कारकिर्दीत उंदरांबद्दलच्या तक्रारी पार बंद झाल्या होत्या. (तक्रारपेटी उंदरांनी कुरतडली होती.) असा अनुभवी माणूस शोधूनही सापडला नसता.

नागरिक घाबरण्याआधीच त्यांना 'घाबरू नका' असं सांगणं, हे कक्षाचं काम. आजाराशी कक्षाचा काडीचाही संबंध नव्हता. आजार आरोग्य विभागाकडे होता, आणि आरोग्य विभाग बाजाराच्या तोंडाशी एका बसक्या इमारतीत होता. त्यांच्या दाराशेजारी भिंतीवर एक काळा फळा होता. शिपाई रोज सकाळी त्यावरचा नव्या रुग्णांचा कालचा आकडा पुसून आजचा आकडा खडूने लिहायचा. खाली तीन ओळी कायमच्या रंगवलेल्या होत्या: हात धुवा, गर्दी टाळा, शेजारी आजारी असेल तर लांबून का होईना, विचारपूस करा. मजकूर अगदीच साधा. कोणालाही सहज करता येईल असं काही सांगितलं की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, हे आरोग्य विभागाला कोणी शिकवलंच नव्हतं.

जनधीर कक्षाला आता फक्त एक आवाज हवा होता, आणि तो नगरपालिकेकडे आयताच होता. त्या आवाजाच्या मालकाला सगळं शहर भोंगा म्हणायचं. नाव तसं अन्यायाचंच. त्याचा आवाज खर्जातला, मऊ आणि किंचित ओलसर होता. कोणाच्या घरी वाईट घडलं की भेटायला येणारे एखादे समजूतदार काका बोलतात ना, अगदी तसा. आजवरची सगळी नोकरी त्याने नगरपालिकेच्या गाडीत मागच्या बाकावर बसून, ध्वनिवर्धकातून पाणी कधी बंद राहील आणि कोणाचं कुत्रं हरवलं आहे हे सांगण्यात घालवली होती. 'उद्या दुपारी पाणी येणार नाही' हे तो अशा काही स्वरात सांगायचा की बादल्या भरायला धावण्याआधी बायाबापड्या क्षणभर डोळे टिपून घ्यायच्या.

भोंग्याच्या घरी दोन खोल्या आणि एक ताई. ताई त्याच्याहून चांगली चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि दटावलं, आणि त्याला टक्कल पडल्यावरही यातलं काही थांबवलं नाही. भावापायी हिचं लग्न राहिलं, असं नातेवाईक म्हणायचे. भावापायी मी वाचले, असं ताई म्हणायची. अलीकडे तिच्या हृदयाने कुरकुर सुरू केली होती. सकाळी एक छोटी पिवळी गोळी घेतली की ते दिवसभर मुकाट्याने चालायचं. डॉक्टरांनी भोंग्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गोळी चुकवायची नाही. सलग चार-पाच दिवस चुकली तर मला बोलावू नका, नातेवाइकांना बोलवा." हे ऐकल्यापासून भोंगा रोज पाकिटातल्या गोळ्या मोजूनच घराबाहेर पडायचा. त्याला ताईशिवाय जगात कोणी नव्हतं, आणि ताईला त्या गोळीशिवाय गत्यंतर नव्हतं.

असो. कक्षाने पहिला धीर साखरेबाबत द्यायचं ठरवलं. साखरच का, याला कारण नव्हतं. साहेब त्या वेळी चहा ढवळत होते.

"शहरात साखरेचा पुरेसा साठा आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये," भोंग्याने पहिल्या गल्लीत, आपल्या त्या आवाजात सांगितलं. त्या क्षणी साखरेला घाबरलेला एकही माणूस शहरात नव्हता. कोपऱ्यावरच्या घरातले मास्तर खिडकीशी दाढी करत होते. त्यांचा हात थांबला.

"साखरेचं काय म्हणतायत गं?"

"पुरेशी आहे म्हणे," आतून बायको म्हणाली.

"पण मग सांगतायत कशाला?"

"काहीतरी असल्याशिवाय का कोणी गाडी फिरवतं?"

मास्तर अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून पिशवी घेऊन धावले. दुपारपर्यंत शहरातल्या एकाही दुकानात साखर उरली नाही. संध्याकाळी ती लोकांच्या पलंगाखाली, कपड्यांच्या कपाटात आणि एका वकिलांच्या घरी कायद्याच्या पुस्तकांमागे सुखरूप होती.

साहेबांनी या प्रकाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. धीर देण्यापूर्वी साखरेबाबत चिंतित नागरिक: शून्य टक्के. धीर दिल्यानंतर: एक्क्याण्णव टक्के. (उरलेल्या नऊ टक्क्यांच्या गल्लीत गाडी गेली नव्हती, तिथेही ती जावी म्हणून जादा पेट्रोलची मागणी करण्यात आली.) या आकड्यांवरून एकच निष्कर्ष निघत होता. जनतेच्या मनात किती खोलवर भीती दडून बसली आहे हे कक्षाने उघडकीस आणलं होतं. एवढी भीती असेल तर धीरही तेवढाच द्यायला हवा. लागोपाठ साबण, मेणबत्त्या आणि काड्यापेट्या यांबाबत धीर देण्यात आला आणि तिन्ही वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या.

आता खरं सांगायचं तर साथीने बाजाराचं कंबरडं मोडलं होतं. लोक घराबाहेर पडायला धजत नव्हते. सलूनवाला वेळ जात नाही म्हणून स्वतःचीच दाढी दिवसातून दोनदा करत होता. धीर सुरू झाला आणि बाजारात जीव आला. लोक बाहेर पडले, रांगा लावून एकमेकांना खेटून उभे राहिले आणि पुढच्याच्या मानेवर मोकळेपणाने शिंकू लागले. रांग आरोग्य विभागाच्या भिंतीला लागून जायची. उभं राहून पाय दुखले की लोक त्या फळ्याला टेकायचे, आणि सकाळी लिहिलेला आकडा दुपारपर्यंत त्यांच्या पाठीवर छापला जाऊन घरोघरी जायचा. शिपायाने याबद्दल रीतसर तक्रार केली. माहितीचा प्रसार अशा प्रकारे विनामूल्य होत असल्याचा शेरा मारून ती निकालात काढण्यात आली.

"काय मिळतंय हो इथे?" रांगेच्या शेपटाशी नवा माणूस विचारायचा.

"ते काही माहीत नाही," पुढचा सांगायचा. "पण पुरेसा साठा आहे म्हणतात."

"बाप रे," असं म्हणून नवा माणूस रांगेत उभा राहायचा.

कक्षाच्या कामाला खरी दिशा दिली ती बटणवाल्यांनी. या गृहस्थांनी कधीकाळी हौसेने शर्टाची बटणं पोत्यांनी घेऊन ठेवली होती आणि ती पोती त्यांच्या गोदामात ठाण मांडून बसली होती. ते कक्षात आले, खोट्या वजनांवर पाय ठेवून त्यांनी बुटाचा बंद बांधला, आणि विषयाला हात घातला.

"साहेब, बटणांबद्दल लोकांना धीर द्यायला हवा."

"लोक बटणांबद्दल घाबरलेत का?"

"नाही ना. तीच तर काळजी आहे."

साहेबांना मुद्दा पटला. दुसऱ्या दिवशी भोंग्याने शहरात बटणांचा पुरेसा साठा असल्याचं जाहीर केलं आणि नागरिकांनी घाबरून बटणांची खरेदी करू नये अशी विनंती केली. पहिल्या गल्लीत लोक जरा बुचकळ्यात पडले. दुसऱ्या गल्लीपर्यंत त्यांना कारणही सापडलं: बटण नसलं की शर्ट उघडा राहतो, शर्ट उघडा राहिला की छातीला वारं लागतं, आणि छातीला वारं लागलं की काय होतं हे काय सांगायला हवं? संध्याकाळी बटणवाल्यांचं गोदाम झाडून रिकामं झालं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी 'फ्लू आणि बटण: एक दुर्लक्षित दुवा' असा लेख लिहिला. मास्तरांनी चार किलो बटणं घेतली. त्यांच्या घरात सगळे मिळून तीन शर्ट होते.

मग कक्षाबाहेर व्यापाऱ्यांची रीघ लागली. ज्याच्या दुकानात जे जे म्हणून पडून होतं त्याबाबत जनतेला धीर मिळावा, असे अर्ज येऊ लागले. बूटपॉलिश, छत्र्या, फोटोच्या चौकटी, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिका. गर्दी आवरेना तेव्हा धीराची प्रतवारी ठरवावी लागली. साधा धीर म्हणजे नुसतं 'पुरेसा साठा आहे'. तातडीचा धीर म्हणजे तेच वाक्य दोनदा. विशेष धीर म्हणजे वाक्याआधी भोंग्याने एक सुस्कारा सोडायचा आणि 'अजून तरी' हे दोन शब्द घालायचे. विशेष धीराने एका दुकानदाराचा सूर न लागणारा पियानोसुद्धा खपला. घेणाऱ्याचं घर एका खोलीचं होतं. त्याने खाट बाहेर काढली आणि तो पियानोवर झोपू लागला.

नगराध्यक्षांनी जाहीर भाषणात 'धीरावर आधारलेली अर्थव्यवस्था' असे शब्द वापरले. शेजारच्या तीन शहरांची अभ्यासपथकं येऊन गेली. (पैकी दोन पथकं परत गेली. तिसरं खोकत दवाखान्यात राहिलं.)

या सगळ्या भरभराटीत एकटा भोंगा वाळत चालला होता. त्याचं बाहेर पडणंच मुश्कील झालं होतं. सरकारचा आवाज स्वतः काय विकत घेतो, यावर सगळ्या शहराची नजर होती. एकदा त्याने घरासाठी एक झाडू घेतला आणि तासाभरात शहरात झाडू मिळेनासे झाले. तेव्हापासून ताईच्या गोळ्या आणायची त्याला चोरी झाली. औषधवाला ओळखीचा. तो महिन्यातून एकदा संध्याकाळी घरी जाता जाता एक पाकीट ताईच्या खिडकीतून आत टाकायचा. दोन पाकिटं ठेवून घ्यावीत, तर औषधवाला कानावर हात ठेवायचा. "कोणी पाहिलं तर माझं दुकान फुटेल," तो म्हणायचा. त्याचं काही चुकत नव्हतं.

रोज सकाळी दिवसाचे धीर हातात पडले की भोंगा आधी वरून खालपर्यंत नजर फिरवायचा. गोळीचं नाव दिसलं नाही की त्याच्या जिवात जीव यायचा, मग छत्री असो की पियानो, तो निर्धास्त सुस्कारा सोडायचा. लोकांना वाटायचं, काय तळमळीने सुस्कारा सोडतो हा माणूस.

आणि एका दुपारी साहेब म्हणाले, "बाजारातलं सगळं संपत आलंय. उद्यापासून औषधं घेऊ. हृदयाच्या गोळ्यांपासून सुरुवात करू. काळजीने लोकांची छाती धडधडते, त्यांना आधार वाटेल." आणि त्यांनी नाव घेतलं. नेमकं तेच.

आजवरच्या नोकरीत त्याने वरिष्ठांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याचं तोंड फक्त रस्त्यावर उघडायचं. आज त्याने धाडस केलं.

"साहेब, या गोळीबद्दल धीर देऊ नये."

"का? साठा अपुरा आहे?"

"नाही साहेब, भरपूर आहे."

"मग भरपूर आहे, असं सांगायला काय हरकत?"

"सांगितलं की राहणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आपल्या कक्षाने धीर दिल्यामुळे वस्तू संपतात, असं तुमचं म्हणणं आहे?"

ही गोष्ट शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि कार्यालयीन वेळेत म्हणणं वेगळं.

"तसं असेल तर लेखी द्या," साहेब म्हणाले. "चौकशी होईल. चौकशी होईपर्यंत मात्र धीर थांबवता येणार नाही." मग ते जरा विरघळले, कारण माणूस वाईट नव्हता. "घरी कोणाला लागते का? मग आजच घेऊन ठेवा की आपल्यापुरती."

भोंगा तडक औषधवाल्याकडे निघाला. त्याला दुकानाकडे वळताना पाहून रस्त्यातल्या लोकांनीही चाल बदलली. तो थांबला की ते थांबत, तो चालला की ते चालत. दुकानाच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत मागे अर्धा बाजार जमला होता. औषधवाल्याने गर्दीकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं आणि हलकेच नकारार्थी मान हलवली. त्याच्या मागच्याच फळीवर गोळ्यांची पाकिटं रचलेली होती. हात लांब केला असता तर लागली असती.

"काय देऊ?" औषधवाल्याने विचारलं.

"एक कंगवा द्या," भोंगा म्हणाला.

गर्दीत कुजबुज पसरली. टक्कल पडलेला माणूस जर कंगवा घेतो आहे, तर कंगव्यांची टंचाई केवढी भयंकर असणार! लोक शहरभर पांगले. त्या संध्याकाळी मास्तरांनी अकरा कंगवे मिळवले.

भोंगा घरी आला आणि त्याने कंगवा ताईपुढे ठेवला. ताई काही वेळ त्या कंगव्याकडे आणि काही वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. मग त्याने सगळं सांगितलं. पाकिटात तीन गोळ्या उरल्या आहेत हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते कोणी बोललं नाही.

"घाबरायचं कारण नाही ताई," भोंगा म्हणाला.

"तो आवाज घरात काढायचा नाही, हजारदा सांगितलंय," ताई म्हणाली. "माझी छाती धडधडते."

"एक पाकीट तरी मिळायला हवं होतं."

"मिळालं असतं तर महिना निघाला असता. पुढच्या महिन्यात काय, हा कंगवा घेऊन हृदय विंचरू?" तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "जेव. तू ना, लहानपणापासून असाच. चालायला लागलास तेव्हा मी म्हणायचे, पडणार नाहीस हं बाळा, अजिबात पडणार नाहीस. की तू भोकाड पसरून माझ्या पायांना मिठी मारायचास. शेवटी कंटाळून एक दिवस म्हटलं, पड मेल्या, खुशाल पड. तर तू हसलास आणि तुरुतुरु चालत अंगणात गेलास."

भोंग्याचा घास हातातच राहिला. ताई पुढेही बरंच काही बोलली, त्याचं लग्न, भाजीतलं तिखट, शेजारणीचा खोकला. त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. शेवटी तो पोटभर जेवला.

सकाळी गाडी पहिल्या गल्लीत शिरली. मास्तर खिडकीशी दाढी करत होते. अर्धी झाली होती आणि पिशवी शेजारी तयार होती. भोंग्याने ध्वनिवर्धक तोंडाशी धरला, गोळीचं नाव घेतलं, आणि आपला नेहमीचा आवाज गिळून, ताईशी भांडतानाच्या आवाजात म्हणाला,

"या गोळ्या शहरात अजिबात उरलेल्या नाहीत. मिळण्याची चिन्हंही नाहीत. नागरिकांनी खुशाल घाबरावं."

चालकाने मागे वळून पाहिलं आणि गाडी जवळजवळ गटारात घातली. मास्तरांचा वस्तरा गालावरच थांबला.

"नाहीत म्हणे गं."

"नाहीत तर नाहीत," बायको म्हणाली. "रांग तरी कशाची लावणार?"

"खरं बोलतायत वाटतं आज."

"सरकार खरं बोलायला लागलंय म्हणजे सगळं आटोक्यात असणार."

मास्तरांनी पिशवी खुंटीला टांगली आणि साथ आल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्या गालाला साबण लावला.

दुसऱ्या गल्लीत हेच झालं, तिसऱ्यातही हेच. मग भोंग्याला चेवच चढला. त्याने साखर संपवली, मेणबत्त्या संपवल्या, बटणं तर कधी नव्हतीच असं सांगितलं. जिथून जिथून गाडी गेली तिथे लोक दारात खुर्च्या टाकून निवांत बसले. गाडी बाजाराच्या तोंडाशी आली. रस्ता मोकळा होता. रांग नव्हती. भिंतीला कोणी टेकलेलं नव्हतं, आणि फळ्यावरचा आकडा सकाळी लिहिला तसा, ठळक आणि पूर्ण, उभा होता. भोंग्याने या रस्त्याने रोज ये-जा केली होती, पण तो आकडा त्यानेही आज पहिल्यांदाच पाहिला. ध्वनिवर्धक चालूच होता. त्याने आकडा वाचला. खालच्या तिन्ही ओळी वाचल्या. मग जरा थांबून म्हणाला, "घाबरायचंच असेल तर याला घाबरा." या वेळी आवाज आपोआपच तो जुना निघाला, वाईट घडल्यावर भेटायला येणाऱ्या काकांचा, कारण आता तो चपखल बसत होता.

पुढचे काही दिवस शहरावर अवकळा पसरली. लोक घरात राहिले. त्यांनी हात धुतले, साबण होताच, प्रत्येक पलंगाखाली पेटीभर. पलंगाखालची साखर वाट्या-वाट्यांनी आजारी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊ लागली आणि लांबून विचारपूस होऊ लागली. पियानोवर झोपणाऱ्याने रोज संध्याकाळी खिडकी उघडून समोरच्या तापकऱ्यासाठी तो बेसूर वाजवला. (तापकऱ्याने बरं व्हायची घाई केली.) फळ्यावरचा आकडा उतरू लागला आणि त्याबरोबर बाजारही. व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ नगराध्यक्षांना भेटलं तेव्हा बटणवाल्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांनी नव्याने भरलेल्या गोदामात आता कोणी पाऊल ठेवत नव्हतं.

भोंग्यावर रीतसर आरोप ठेवण्यात आले: जनतेत विनापरवाना शांतता पसरवणे, बाजारातील मागणी हेतुपुरस्सर घटवणे, आणि सरकारी आवाज घरगुती कामासाठी वापरणे. चौकशीत त्याने तिन्ही गुन्हे कबूल केले. त्याची बदली पुन्हा पाणी आणि हरवलेल्या कुत्र्यांकडे झाली. साहेबांना बढती मिळाली. कक्षात नवीन, हसऱ्या आवाजाची उद्घोषिका आली आणि पहिल्याच दिवशी तिने टाचण्यांबाबत इतका गोड धीर दिला की दुपारी भिंतीला पुन्हा रांग टेकली.

साखर, मेणबत्त्या आणि बटणांबाबत कक्षाचा आधीचा धीर नोंदीत होता, म्हणून त्यांचं संपणं म्हणजे भोंग्याची जीभ घसरली असं धरून सोडून देण्यात आलं. फक्त त्या एका गोळीचं घोडं अडलं. ती शहरात उरलेली नाही, असं कक्षाने एकदा अधिकृतपणे जाहीर केलेलं होतं. आता पुरेसा साठा आहे असं म्हणावं, तर कक्ष पूर्वी खोटं बोलला असं होतं. आणि कक्ष खोटं बोलत नाही. सबब सदर गोळी शहरात अस्तित्वात नाही, असा शेरा मारून तो विषय कायमचा बंद करण्यात आला. ही अस्तित्वात नसलेली गोळी औषधवाल्याच्या फळीवर भर दुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत रचून ठेवलेली असते. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ताई दर महिन्याला स्वतः जाऊन दोन पाकिटं आणते, रांगेतल्या लोकांना 'सरका जरा' म्हणते, आणि तिचं हृदय अजून मुकाट्याने चाललेलं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर आम्ही ते ताईंना वाचून दाखवलं. फळ्यावरचा आकडा किती होता हे वाचकांनी एवढ्या वेळात एकदाही विचारलेलं नाही, असं आमच्या लक्षात आलं होतं. म्हणून तो आम्हीही दिला नाही. गोळीचं नाव मात्र काही जणांनी मनातल्या मनात नक्की विचारलं असेल. ते छापावं, वाचक सुज्ञ आहेत, असं आम्ही ताईंना सुचवून पाहिलं. ताईंनी नाव तर खोडायला लावलंच, गोळीचा रंगही बदलायला लावला.

"लोक चांगलेच असतात हो," त्या म्हणाल्या. "पण एकदा करून बघा. शेवटी एक साधं वाक्य लिहा आणि किती जण जागचे हलत नाहीत ते मोजा."

ताईंच्या शब्दाखातर तेवढं लिहितो आणि थांबतो. मिठाचा पुरेसा साठा आहे. अजून तरी. आपण डबा उघडून बघायला उठू नये.